विंझरचा पखवाज आणि शेरभर कणीक

दर महिन्याला आमच्याकडे तांदूळ घेऊन येणाऱ्या सोनाबाईंनी एकदा मापटं हातातच ठेवून भिंतीकडे बघितलं. "बाई, त्यो पखवाज कुनाचा?"

खुंटीवर गवसणीत टांगलेला तो पखवाज माझ्या सासऱ्यांचा. ते जाऊन सहा वर्षं झाली. दिवाळीला मी गवसणी काढून धुते आणि परत चढवते, एवढाच माझा आणि त्याचा संबंध. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवते, पेटी वाजवते. पखवाजाला बाईनं हात लावायचा नाही असं मला कुणी बजावल्याचं आठवत नाही, पण गवसणी सोडून मी कधी लावला नव्हता खरा.

सोनाबाई राजगडाखालच्या विंझरच्या. त्यांच्याकडून कळलं की विंझर, मार्गासनी आणि पाली या तीन गावांतल्या नऊ बायकांनी मिळून गाण्याचं मंडळ काढलंय. भातलावणीला एका रांगेत गाणाऱ्या याच बायका, आता देवळात बसून गाणार होत्या. गावचे पखवाजी गणपतबुवा यांनी त्यांना आपला जुना पखवाज दिला होता, पण अट घालून.

"म्हनले, पुनवंला दुपारी आमच्या भजनाआधी वाजवून दावा. बोलला तर तुमचा, न्हाईतर परत माज्या खुंटीला," सोनाबाई म्हणाल्या. "पर त्यो बोलतच न्हाई, बाई."

"डाव्या तोंडाला काय लावता?"

"पीठ लावत्यात न्हवं? नाचनीचं लावलं. गानं निम्म्यावर आलं की गळतंय."

मी हसले. नाचणी कसली धरून राहते, गव्हाची कणीक हवी, तीच ओली थापली की डावं तोंड घुमतं, हे सगळं मी फळ्यासमोर उभी असल्यासारखं समजावलं. "गहू आमच्यात कुठला?" एवढंच सोनाबाई म्हणाल्या. शाळेला नाताळची सुट्टी लागत होती. मी शेरभर कणीक पितळी डब्यात भरली आणि त्यांच्याबरोबर निघाले. सासूबाई म्हणाल्या, "कणीक पोचवायला कुणी विंझरला जातं का?" पण अडवलं नाही.

पुण्याहून भोरला सर्व्हिस मोटार जाते. जायचं असेल तर पुढची जागा धरा, मागे कात्रजच्या घाटात पोटातलं पाणी हलतं आणि धूळ नाकातोंडात जाते. भोर संस्थानच्या नाक्यावर कारकुनाने डबा उघडायला लावला.

"यात काय?"

"कणीक."

"खायची?"

"वाजवायची," मी म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा सोनाबाईंकडे बघितलं आणि झाकण लावून डबा परत दिला.

भोरला उतरलो ते टाळांसाठी. नीरा नदीच्या घाटापासून जरा वर कासाराचं दुकान आहे. मी म्हणणार होते, आठ जोड द्या आणि बांधा. पण सोनाबाई खाली बसल्या आणि एकेक जोड वाजवून कानाशी धरू लागल्या. चार जोड बाजूला सारले.

"त्यात काय वाईट आहे?" कासार जरा रागानेच म्हणाला.

"हे रडत्यात," सोनाबाई म्हणाल्या.

मी ते चार जोड परत वाजवून बघितले. खरंच, नाद शेवटी खाली पडत होता. इतकी वर्षं सुरांत काढून मला ते आधी ऐकू आलं नव्हतं, याची लाज वाटली. मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे केला. तिने वाढलेला आंबेमोहोर भात आणि कुळथाचं पिठलं यासाठी भोरला पुन्हा जाईन.

दुसऱ्या दिवशी मोटारीने नसरापूर, आणि तिथून बैलगाडी. रस्ता कच्चा, पण मुलूख असा की तक्रार सुचत नाही. भात निघून गेलेल्या खाचरांत वाल हिरवा झाला होता आणि मार्गासनी ओलांडल्यावर राजगड जो समोर येतो तो हटत नाही. चपला जाड तळाच्या घ्या आणि प्यायला तांब्या आपला ठेवा, एवढंच सांगते.

विंझरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सोनाबाई डबा घरात ठेवून बायकांना बोलवायला गेल्या. हळूहळू सगळ्या ओटीवर जमल्या. पखवाज वाजवणाऱ्या तान्हूबाई पालीहून चालत आल्या होत्या, चाळिशीच्या, अंगाने काटक. पूर्वी त्या पालथ्या घागरीवर ठेका धरायच्या. त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "तुमी वाजवता का?"

"मी? नाही. मला माहिती आहे त्यातलं."

"व्हय का," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, तरी तो लागला.

तेवढ्यात सोनाबाईंच्या सासूबाई परात घेऊन आल्या. गरम पोळ्या आणि गूळ. मला पहिली वाढली, मग सगळ्यांना एकेक. मी दोन खाल्ल्या, तोंडभर कौतुक केलं आणि पोळ्या इतक्या मऊ, तर गावात गहू आहे की, असंही म्हणाले.

"गावात कुठला," म्हातारी खुशीत म्हणाली. "तुमीच आनला न्हवं डब्यातनं? म्या म्हनलं, पुन्याच्या बाईस्नी भाकर पचत नसंल."

सोनाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी घास गिळला. नऊ जणींच्या हातात पोळीचे तुकडे होते आणि परात रिकामी होती. म्हातारीला बोल तरी कसा लावायचा? पाहुणीसाठीच तर केलं होतं तिनं. पौर्णिमा उद्यावर होती आणि मला रडू येत होतं.

तान्हूबाई रात्री तिथेच राहिल्या आणि सकाळी चुलीपाशी बसल्या. रात्रीचा भात त्यांनी तळहाताने रगडला, चुलीतली बारीक राख चाळून त्यात घातली आणि पुन्हा रगडला. "भांडं घासताना शीत न् राख एक झाली की निगता निगत न्हाई. रोज नखांनी काढतो आपुन," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असं कुणी लावत नाही. त्या म्हणाल्या, "कनीक तर आपल्या पोटात हाय."

दुपारी देऊळ भरलं होतं. गणपतबुवा खांबाला टेकून, डोळे मिटून बसले होते. टाळ सुरू झाले आणि सोनाबाईंनी उचललं:

"धाकली माजी जाऊ, हाती घेती टाळ,
जोत्यावरी बसविलं कडंवरचं बाळ."

जात्यावरच्या ओवीला पखवाजाची साथ मी कधी ऐकली नव्हती. तान्हूबाईंचा डावा हात पडला आणि तो आवाज माझ्या पायाखालच्या फरशीतून आला. मी गाणं ऐकतच नव्हते. माझी नजर फक्त त्या करड्या लेपावर होती, आता सुटेल, मग सुटेल म्हणून. एक गाणं झालं, दुसरं झालं, चौथं झालं. तो लेप जागचा हलला नाही.

गणपतबुवा उठून आले. बोट दाबून बघितलं, वास घेतला.

"हे काय लावलंस?"

"भात न् राख."

बुवा तान्हूबाईंसमोर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "मला दाव कसं करतीस ते. आन् पखवाज ऱ्हाऊ दे तुमच्यात."

परतीला बायकांनी माझा डबा तांदळाने भरून दिला. मोटारीत मी तो मांडीवर धरून बसले. मी शिकवायला गेले होते आणि एका भांडी घासणाऱ्या हाताकडून हरून आले होते. तरीही घाट उतरताना सारखं हसू येत होतं, आणि मांडीवरच्या डब्यावर माझी बोटं चालली होती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात केला. दुपारी माजघरात कुणी नसताना खुंटीवरून पखवाज उतरवला, गवसणी काढली, भातात राख रगडून डाव्या तोंडाला लावली आणि हात उचलला. थाप पडली, पण बद्द वाजली. दुसरीही तशीच.

मागे सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. मी हात मागे घेतला. त्या जवळ बसल्या, पदर खोचला आणि बोटाने लेपाची कड पातळ करू लागल्या.

"कडेला इतकं जाड नको," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं कणीक मीच मळून देत होते त्यांना. आता वाजव."