जंगलाकडची चाकं

कवडूभाऊ चाक धुवायला बसले की त्यांची पाठ गावाकडे असायची. समोर चाक, चाकामागे गाडी आणि गाडीमागे जंगल. एका बाजूची दोन चाकं झाली की ते उठायचे, बोनेटवर दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "चाल गा, पलटव." मग आम्ही गाडी रस्त्यावर काढायची, वळवायची आणि उलटी आत घालायची. जंगलाकडची चाकं अशी गावाकडे आली, तरच भाऊ त्यांना हात लावणार. सिंदेवाहीकडच्या आमच्या सफारी गेटवर पंधरा-वीस उघड्या जीप होत्या आणि दर जीपमागे हे नाटक. सगळेच ड्रायव्हर वैतागायचे. मी जास्त, कारण देवानं मला तोंड दिलं आणि ते बंद करायची कळ द्यायला विसरला.

धुण्याची जागा म्हणजे बोअरिंगजवळचा सिमेंटचा लांबट ओटा. एका अंगाला गावाचा रस्ता, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, आणि बोडीला लागून गवत नि बांबू. सकाळच्या फेरीहून परत आलेल्या गाड्या लाल मुरुमानं माखलेल्या असायच्या. दुपारच्या फेरीआधी त्या चकाचक हव्या, कारण पर्यटक आधी गाडीसोबत फोटो काढतात, मग गाडीत बसतात.

पण काम भाऊंनीच करावं. आधी तळहात टायरवर ठेवायचे. गरम असला तर थांबायचे. मग पेचकसानं खाचेतले खडे एकेक करून काढायचे, साबणाचं पाणी मारून नारळाच्या शेंडीनं घासायचे आणि नटांच्या कडा जुन्या दातांच्या ब्रशनं कोरायचे. सगळं कोरडं पुसून झालं की फोमच्या तुकड्यावर काळं पॉलिश घ्यायचे. ते फक्त टायरच्या बाजूला लावायचे, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही. एकदा मी म्हटलं, सगळीकडूनच चमकवा की. तर म्हणाले, "गालाले लावाचं गा, तळव्याले नाई. तळव्याले तेल लावून तू चालशीन का?"

भाऊ भित्रे होते. हे मी मागे बोलत नाही, ते स्वतःच सगळ्यांना सांगत. "मले भेव वाटते," असं साठीचा माणूस 'मला चहा लागतो' म्हणावं इतक्या सहज म्हणायचा. वाघाला ते वाघ म्हणत नसत, जनावर म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ मोहफुलं वेचायला गेला आणि वाकलेला असतानाच जनावरानं त्याला नेलं. त्याला शोधायला गेलेल्या लोकांत भाऊ सगळ्यांत पुढे होते. काय सापडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच म्हणायचे, "उभा माणूस त्याले माणूस दिसते. वाकला, बसला, का चितळ दिसते. अन् माह्या धंदाच बसाचा."

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी चिडवायचो. रोज वाघ पाहणारा माणूस मी! गाडीत बसून, चालू इंजिनावर, मागं सहा जण कॅमेरे घेऊन. मला वाटायचं आपण वाघाला ओळखतो.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळच्या फेरीला उशीर झाला होता, दुपारचे पाहुणे गेटवर येऊन बसले होते आणि माझ्या मागे दोन जीप रांगेत होत्या. गावाकडची दोन चाकं झाली. भाऊंनी बोनेटवर थापा मारल्या.

"आज नाही पलटवत," मी म्हटलं. "मागं गाड्या लागल्या आहेत. तशीच धुवा."

"नाई गा. दोन मिनटं लागते."

"दिवसाढवळ्या, इतकी माणसं असताना, बोअरिंगच्या मोटारीचा एवढा आवाज असताना कोण येणार आहे? एवढंच भेव वाटत असेल तर बांगड्या भरा ना, भाऊ."

मागचे दोघं हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोडीकडे पाहिलं, बादली उचलली आणि गाडीला वळसा घालून जंगलाच्या बाजूला गेले. मी जिंकलो होतो. सीटवर बसून मोबाईल काढला.

पुढचं चाक झालं. भाऊ मागच्या चाकाशी बसले. तेवढ्यात बोडीपलीकडच्या झाडावर वांदर खोकललं. पाहुण्यांना घेऊन जाताना, वाघ जवळ असल्याचा हा इशारा आला की मी गाडी थांबवतो आणि मोठ्या रुबाबात बोट वर करतो. त्या दिवशी बोट वर झालं नाही. मोटार धडधडत होती. खाली बसलेल्या माणसाला तो आवाज ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मी माझ्या बाजूच्या आरशात पाहिलं. भाऊंचं डोकं, घासणारा हात, त्यांच्या मागे वाळलेलं गवत. गवतात काही नव्हतं. मग एक कान हलला.

अंतर किती होतं? आजही मला नीट सांगता येत नाही. कधी पंधरा पावलं वाटतं, कधी पाच. वाघीण जमिनीला चिकटून होती, मान पुढे, नजर भाऊंच्या पाठीवर. मी शेकडो वेळा वाघ पाहिला, पण माझ्या वाघांनी कधी कुणाकडे असं पाहिलं नव्हतं. हॉर्न माझ्या हाताखाली होता. दाबला नाही. दाबताच आला नाही, हात माझा नव्हताच जणू. डोक्यात एकच चाललं होतं, मी बसवलं त्यांना तिथं, मी बसवलं. गाडी पुढे काढावी तर भाऊ तिच्यासमोर उघड्यावर एकटेच उरणार.

आणि भाऊ उठले. हळू, सरळ, गुडघ्यावर हात न टेकता. उठता उठता वळले आणि बादली दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. अंगावर साबणाचं पाणी सांडलं. "हाऽऽट!" असा आवाज त्यांनी काढला की मागचे ड्रायव्हर खाली उड्या मारून धावले. गवत एकदा फाटल्यासारखं झालं आणि मिटलं. बस्स.

भाऊ तसेच उभे होते, बादली डोक्यावर. मी खाली उतरलो तेव्हा त्यांचे दात वाजत होते. बादली त्यांच्या हातून सोडवावी लागली. मला म्हणाले, "एक चाक राह्यलं."

लोकांना भाऊंनी काही सांगितलं नाही. कोणी बसवलं, कोणी गप्प राहिलं, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आलेही नाहीत. लेक गडचांदूरला दिली होती, ती येऊन घेऊन गेली. मी त्या उन्हाळ्यात तिकडे जायचं ठरवून तीनदा रद्द केलं. आता भेव मला वाटत होतं, त्यांच्यासमोर जायचं.

शेवटी दिवाळीनंतर गेलो. सिमेंट कारखान्याच्या धुळीनं पांढरं झालेलं अंगण, त्यात खाट, खाटेवर भाऊ, पार वाळलेले. छातीचं दुखणं होतं. मी बसलोच नाही, उभ्यानंच बोललो, "भाऊ, मला दिसली होती. तुमच्याआधी दिसली. मी हॉर्न नाही वाजवला."

"मले मालूम हाय."

"कसं?"

"आरशात तू मले पाहून राह्यला होता ना? मंग मीबी तुले पाहून राह्यलो होतो. नट पुसता पुसता वर पाह्यलं. तुह्यं तोंड पाह्यलं अन् समजलं, माह्या मांगं हाय म्हून." खोकला आला, ते थांबले. "अन् हॉर्नचं काय सांगतं? तू तं रोजच वाजवत होता मले. चाला भाऊ, उरका भाऊ. त्या दिवशी वाजवला असता, तं मी मान खाली घालून अजून जोरानं घासलं असतं."

त्यांना मला दिलासा द्यायचा होता, हे कळत होतं. पण ते बोलले ते खरंही होतं, आणि ते मला दिलाशापेक्षा जास्त लागलं. मी खाटेच्या पायथ्याशी खाली बसलो. भाऊंनी लगेच माझ्या मागे, रिकाम्या अंगणाकडे, एकदा पाहून घेतलं.

महिन्याभरात लेकीचा फोन आला. भाऊ सकाळी गेले, घरात, खाटेवर, चहा पिऊन. ऐकताच माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं बाई, घरात गेले." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीही म्हणाली, "हो ना, दादा. घरात गेले." आणि मग आम्ही दोघंही फोनवर रडलो.