नेहाताईंच्या कॉम्प्युटरचे कान

बिर्लानगरच्या गिरणीचा भोंगा मी लहानपणी रोज ऐकायचो. पुढे पेटीची दुरुस्ती शिकलो तेव्हा कळलं, तो काळी एक पट्टीचा सूर होता. अशा गोष्टी माझ्या डोक्यात साचत जातात. पुस्तकं फार वाचली नाहीत, त्यामुळे जागाही भरपूर!

लष्कर भागातली आमची संगीतशाळा आणि बिर्लानगरची शाळा एक केली गेली, तेव्हा नवे प्राचार्य म्हणाले, "जो काम मशीन करे, उसके लिए आदमी नहीं रखेंगे." मी पेटीवाला, वाचलो. पण तंबोरे जुळवणाऱ्या आबांची नोकरी टांगणीला लागली. तंबोऱ्यासारखा वाजणारा विजेवरचा डबा सरांनी आणलाच होता.

बिर्लानगरच्या नेहाताईंबरोबर एक कॉम्प्युटरही आला. एकदम वाजलेले सूर ऐकून तो त्यांचं इंग्रजी नाव पडद्यावर लिहायचा.

पहिल्या दिवशी मी पेटीवर सा, म, ध एकदम दाबले.

"काका, तुम्ही एफ मेजर वाजवलंत!"

"असेल बुवा! शाळेत तर मी इंग्रजीतच नापास झालो होतो!"

*

एकदा ताईंनी वर्गात सा-ग-प वाजवलं आणि नेमका खिडकीखाली टेम्पोवाल्याने दोन सुरांचा हॉर्न दाबून धरला. पडद्यावर हातभर नाव आलं, 'सी मेजर सेव्हन शार्प इलेव्हन'. सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवलं.

"अरे, मिटाओ! त्यातले दोन सूर टेम्पोचे आहेत!"

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग परीक्षेला टेम्पो घेऊन येऊ का?"

*

मी दुरुस्त केलेल्या पेटीवर तेच सा-ग-प वाजवलं, तर यंत्र म्हणे, 'सी ॲड नाइन'. म्हणजे एक रे जास्तीचा.

"ताई, याचे कान साफ करा," मी म्हणालो.

आबा हळूच म्हणाले, "आधी पेटी उघड."

उघडली. रेच्या पट्टीखाली कचरा अडकला होता, तिथून वारा निसटून रे बारीक वाजत होता. मी कॉम्प्युटरला हात जोडले!

"लाजू नकोस," आबा म्हणाले. "मलाही त्याने सांगितल्यावरच ऐकू आला."

दारात सर उभे होते. "देखा, आबाजी?"

*

शनिवारी सरांनी निकालच लावायचा ठरवला. आधी डबा लावला. पडद्यावर 'सी फाइव्ह'.

"दोनच सूर, सा आणि प. बरोबर," ताई म्हणाल्या.

"एक मिनट भी नहीं लगा," सर म्हणाले.

मग आबा तंबोरा घेऊन बसले. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, तारांखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. अर्धा तास गेला. सर घड्याळ बघत होते.

"नीट जुळला की गंधार आपोआप बोलतो, सर."

"कहानियाँ हैं, आबाजी. गंधार का तो तार ही नहीं है."

आबांनी तारा छेडल्या. पडद्यावर आधी 'सी फाइव्ह' आलं. आबा छेडत राहिले. अक्षरं थोडी थरथरली आणि 'सी मेजर'वर, म्हणजे सा-ग-पवर, थांबली.

ताई पुढे वाकल्या. "सर, इसमें तो गंधार है!"

सरांनी जवळ येऊन तारा मोजल्या. चारच. एक प, तीन सा.

"फिर बजाइए."

आबांनी पुन्हा छेडल्या. पुन्हा 'सी मेजर'.

सरांनी टेबलावरचा डबा उचलला, काखेत धरला आणि ते निघून गेले.