काकांचा ‘श’वरचा संशय

माझ्या बायकोच्या काकांइतका संशयी माणूस नायगाव ते माझगाव या टापूत दुसरा सापडायचा नाही. औषधाच्या दुकानात ते बंद पाकिटातल्या गोळ्याही मोजून घेतात. बस परळला जाते ना, हे कंडक्टरला दोनदा विचारतात आणि मग शेजारच्या प्रवाशाकडून खात्री करून घेतात. पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय मुलग्यांच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर. लोक राशीवरून पहिलं अक्षर बघतात; काकांच्या मते ते नुसतं मिरवायला, माणूस चालतो शेवटच्या अक्षरावर. त्यातही ‘श’वर त्यांचा भारी राग. ‘श’वाला मुलगा घरात टिकत नाही. पुरावा विचारला तर चाळीतला गणेश दुबईला, महेश मेलबर्नला आणि नीलेश निदान विरारला तरी गेलेला असतो. माझं नाव शैलेश. लग्नाला आठ वर्षं झाली, मी परळ सोडलेलं नाही, तरी घरी आले की काकांची नजर आधी माळ्यावरच्या बॅगेकडे जाते. ‘‘जावईबापू, कुठे निघालात काय?’’

आम्हाला मुलगा झाला आणि आम्ही त्याचं नाव अवनीश ठरवलं. ते ऐकल्यापासून काका रोज एक चिठ्ठी आणून द्यायला लागले. गोविंद, मिलिंद, अरविंद, आनंद. ‘द’वाले घर धरून राहतात म्हणे. ते स्वतः सदानंद, जन्मापासून नायगावात.

बारशाच्या आदल्या दिवशी पाचवी चिठ्ठी आली आणि माझा तोल गेला.

‘‘एवढं कळतं तर तुमच्या मुलाचं नाव योगेश कोणी ठेवलं, काका?’’

योगेश कॅनडात असतो. काकू वारल्या तेव्हा त्यांच्या दिवसांनासुद्धा त्याला येता आलं नव्हतं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘मीच ठेवलं. हिच्या मनात मुकुंद होतं. मी म्हटलं, जुनाट वाटतं. हट्टच धरला. पण तिने कधी बोलून नाही दाखवलं. पोरगा गेला तेव्हापण नाही.’’

मला माझीच लाज वाटली. आत जाऊन बायकोला सगळं सांगितलं. डोळे पुसून तिने माझ्या बहिणीला फोन लावला.

बारशाला बहिणीने बाळाच्या कानात मुकुंद हे नाव सांगितलं. बायका हसत होत्या, पेढे फिरत होते. काका गर्दीतून पाळण्याशी आले, वाकले आणि घाबरतच हाक मारली, ‘‘मुकुंद.’’ बाळ गाढ झोपलं होतं. तरी काका तसेच वाकून वाट बघत राहिले.