दोष मिश्रीचा नव्हता

माझ्या बायकोचे दात मिश्रीने गेले, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. सून दुधात भाकरी कुस्करून तिच्यापुढे ठेवते आणि हसत म्हणते, "आई, लावा अजून मिश्री." ती वाटी पुढे ओढून खाते. मिश्रीची गोष्ट घरात मीच पसरवली, आणि ती खोटी आहे. मिश्री वाईटच, पण तिने ती मुलगा लहान असतानाच सोडली होती. दात हलायला लागले ते कितीतरी वर्षांनी.

शिरूरला माझं औषधाचं दुकान होतं. कुणी सुजलेला गाल धरून आलं की मी अँटिबायोटिकचं पाकीट कापून चार गोळ्या द्यायचो. सूज उतरायची. दोन महिन्यांनी तोच माणूस, तोच गाल. लोक पूर्ण कोर्स घेत नाहीत म्हणून मी चिडायचो; कापून देणारा मीच होतो, हे सोयीस्कर विसरायचो.

बायकोला मात्र पूर्ण कोर्स दिला. तरी हिरड्या पुन्हा फुगल्या, रक्त येऊ लागलं. मी गोळी बदलली. मग पुन्हा बदलली.

दुकानासमोर दातांचा दवाखाना निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा स्वतः येऊन म्हणाल्या, "काका, नुसत्या गोळ्यांनी हे जात नाही. आधी दात साफ करायला लागतात. माझ्याकडे पाठवत जा." मी त्यांना चहा पाजला आणि कुणालाच पाठवलं नाही. त्याच आठवड्यात बायकोने विचारलं, "अहो, समोर दाखवून येऊ का?"

"साफ केले की दात हलतात. गोळी घे," मी म्हणालो.

असं काही नसतं हे मला ठाऊक होतं. पण दुकानदाराचीच बायको समोरच्या बाकावर बसलेली गिऱ्हाइकांनी पाहिली असती. तेवढ्यासाठी!

एकेक करून दात पडले. शेवटी मुलाने तिला दौंडला नेलं. मीही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आरशात तिला दाखवलं. "आजी, हिरडीखाली जंतू एकमेकांना धरून, वर चिकट आवरण करून बसलेत. गोळीनं सुटे जंतू मरतात, थर तसाच राहतो. आधी खरवडायचं, मग लागलं तर औषध. घरच्या हौदाला बुळबुळ धरली की काय करता?"

"आधी घासायचा, मग पावडर टाकायची," ती म्हणाली. "हे बी सांगायला लागतंय व्हय?"

ती माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं दाखवलं का नाही?" मुलगाच बोलला, "मिश्री हो, दुसरं काय." मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

आता खालचे सहा दात उरलेत. दर तीन महिन्यांनी दौंडला जाऊन साफ करून आणतो. एकही हललेला नाही. त्याचाच जास्त संताप येतो; बाकीचेही असेच राहिले असते.

आज हे तिला वाचून दाखवलं.

"हौदाचं लिवलं का?"

"लिहिलं."

"मग कागद सुनंच्या हातात द्या. कपाटात ठिवू नका. आन् ती वाचंल तवा समोर बसा."

सून स्वयंपाकघरात आहे. मी कागद घेऊन उठतो आहे.