दहा दिवसांची आक्का

सोलापूरच्या एका इस्पितळात मी नर्स म्हणून लागले तेव्हा मला विसावं सरलं होतं. गोष्ट एकोणीसशे बत्तीस-तेहेतीसची. वडील कोर्टात कारकून. रविवारी घरी गेले की इस्पितळाचा विटाळ म्हणून आई आधी न्हाणीघर दाखवी, मग चहा. माझ्या जिभेला हाड नाही, ही तिची जुनी तक्रार. वॉर्डात मऊ बोललं की रोगी डोक्यावर बसतात, असं माझं ठाम मत होतं आणि आवाज उपजतच चढा होता.

दिवाळी झाल्यावर सांगोल्याकडचा एक म्हातारा धनगर मोतीबिंदूसाठी आला. एक डोळा एका फिरत्या वैदूने सुई घालून कायमचा घालवला होता. उरलेल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला उताणं निजवलं आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. दहा दिवस मान हलवायची नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. जखम उसवली की डोळा गेला, आणि दुसरा नव्हताच. मुलगा त्याच दिवशी मेंढरांकडे परतला. म्हाताऱ्याला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

आवाज ऐकून तो पहिल्या दिवसापासून मला ‘आक्का’ म्हणू लागला. साठीच्या माणसाची मी थोरली बहीण! राग आला, पण समजावत बसायला वेळ कुणाला होता?

त्याचा प्रश्न एकच, मेंढरं कशी आहेत. दिवसातून वीसदा. तिसऱ्या दिवशी मी वैतागले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, निरोप आलाय, मेंढरं गावात खुशाल आहेत.

मग त्याने डोळ्याचं विचारलं. मी म्हटलं, तोही उत्तम आहे. त्याबरोबर त्याचा हात पट्टीकडे गेला. मी मनगट धरलं, पण त्या हातापुढे माझं काय चालणार!

“दिवाळीनंतर आमची मेंढरं गावात कवाच नसत्यात, आक्का,” तो म्हणाला. “चाऱ्यापायी भीमेकाठी असत्यात. मेंढरांचं खोटं बोललीस, तर डोळ्याचंबी खोटंच की. मला बघू दे.”

दरडावायला तोंड उघडलं आणि जाणवलं, आता दरडावून भागणार नाही. “खोटं बोलले मी,” मी म्हटलं. “मेंढरांचं मला काही ठाऊक नाही. डोळ्याचं अजून डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण आत्ता पट्टी सोडलीत तर तो नक्की जाईल, एवढं ठाऊक आहे.”

हात हळूहळू सैल पडला. “आता खरं बोललीस,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी बाजारात गेले. घोंगड्या विकणाऱ्यांत एक जण भीमेकडे जाणारा निघाला. त्याला सगळं सांगितलं आणि बजावलं, निरोप बरा असो की वाईट, जसा असेल तसाच पोचव. आणि म्हाताऱ्यालाही सांगितलं की माणूस पाठवलाय, उत्तर अजून यायचंय. त्याने पुन्हा विचारलं नाही.

सातव्या दिवशी निरोप आला. लांडग्याने दोन मेंढ्या नेल्या होत्या. त्यांतली एक म्हाताऱ्याने हाताने दूध पाजून वाढवलेली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तीनच दिवस उरलेत, सांगू नकोस, रडला तर सगळं मुसळ केरात. त्यांचं चुकत नव्हतं. पण पुन्हा खोटं बोलले तर तो हात पट्टीकडे जाणार, हेही मला दिसत होतं. मी त्याच्या उशाशी बसले, दोन्ही तळवे त्याच्या कानशिलांवर ठेवले आणि सांगून टाकलं.

माझ्या हाताखाली शीर तेवढी उडत होती.

“दोनच?” तो म्हणाला. “मी समदीच गेली आसं धरून पडलो व्हतो, आक्का.”

त्या दुपारी तो पहिल्यांदा घोरला. घोरण्याने जखमेला धोका नाही ना, हे विचारायला मी मोठ्या सिस्टरकडे धावले. त्या हसल्या आणि मलाही हसू फुटलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि चष्म्याच्या पेटीतलं जाड भिंग त्याच्या डोळ्यापुढे धरलं. तीन बोटं दाखवली. त्याने तीन सांगितली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

“आक्का कुटं हाय?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

“ही? ही तर पोरगी हाय की. आक्का म्हातारी हाय.” त्याने डोळा मिटून घेतला. “बोल बघू.”

माझ्या तोंडून निघालं ते नेहमीचंच, “मान हलवू नका म्हणून कितीदा सांगू?”

“तीच हाय,” त्याने डॉक्टरांना सांगितलं आणि डोळा उघडला.

दहा दिवस ज्याला रडू नका म्हणून दरडावलं, त्याच्यासमोर मीच रडले, आणि ते त्याला दिसलं.