नॉर्डालला एकदाच विचारलं

आर्डिस टोलेफसनला जन्मभर दोनच गोष्टींची किळस होती. एक, मोरीत साचलेलं आदल्या दिवशीचं पाणी आणि दुसरं, खोटं हसणं. एकसष्टाव्या वर्षी त्यात तिसरीची भर पडली. मासा.

खरा मासा नव्हे हो! खरे मासे तिने पोरवयापासून साफ केलेले. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून दिवसदिवस गळ टाकून बसणाऱ्या बापाची ती लेक. हा मासा स्पंजचा होता. सहा फुटी, पिवळा-हिरवा, पोटाला चेन, आणि आत उभं राहायला एक जिवंत माणूस लागायचा. तो जिवंत माणूस म्हणजे आर्डिस. माशाचं नाव वॉली. हॉलबेकच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या उन्हाळी वाचन मोहिमेचा तो म्हणे नायक. दुसऱ्या कुठल्यातरी गावाने टाकून दिलेला पोशाख होता तो, आणि आत डोकं घातलं की त्या गावातल्या कुणा अनोळखी माणसाच्या घामाचा वास थेट नाकात शिरायचा. शी! दोनदा धुवून, उन्हात टांगूनही गेला नाही. आर्डिस त्यात तासभर उभी राहायची, पोरं तिच्या शेपटीला लोंबकळायची, आणि आतल्या आत ती म्हणायची, याचसाठी केला होता का अट्टाहास?

सत्तावीस वर्षं तिने ग्रंथालयाची पुस्तकांची गाडी चालवली होती. बर्फात, चिखलात, एकदा तर दाराशी अडून बसलेल्या टर्की कोंबड्यांच्या कळपातून. मिनेसोटाच्या त्या पश्चिम कोपऱ्यात अशी वस्ती नव्हती जिथल्या कुत्र्याला तिच्या हॉर्नचा आवाज माहीत नव्हता. आणि आता या वयात मासा.

हा मासा आणला तो नव्या संचालिकेने. केंडल व्हिटकर, वय वर्षं तिशीच्या आतबाहेर, मोठ्या शहरातून आलेली, दोन पदव्या आणि दात पांढरेशुभ्र. बाई वाईट नव्हती. हेच तर दुखणं! वाईट असती तर आर्डिसला रागवायला बरं पडलं असतं. केंडल सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, गळकं छत स्वतः बादल्या लावून सांभाळायची. फक्त तिला वाटायचं की पुस्तक हे औषध आहे आणि ते साखरेत घोळल्याशिवाय कुणी गिळणार नाही.

"आर्डिस, लोकांना ग्रंथालयात मजा वाटली पाहिजे," ती म्हणायची. "नुसतं पुस्तक हातात देऊन आता भागत नाही."

"सत्तावीस वर्षं भागलं की," आर्डिस म्हणायची. पण मनात. मोठ्याने ती म्हणायची, "हो, बरोबर आहे."

मग ती मजा सुरू झाली. पोरांना चौकटींचे कागद वाटले. वीस मिनिटं वाचलं की एक चौकट रंगवायची, दहा चौकटी झाल्या की पिझ्झा फुकट. एका दुपारी आर्डिस माशाच्या तोंडातल्या जाळीतून बघते तर काय, बाहेर उभ्या गाडीत एक आई स्टिअरिंगवर कागद ठेवून भराभर चौकटी रंगवतेय, आणि मागच्या सीटवर पोरगं फोनमध्ये मान घालून बसलंय. दोन मिनिटांत दोनशे मिनिटांचं वाचन! वर ती बाई आत येऊन म्हणते कशी, "आमच्या ब्रॅडीला पुस्तकांचं भारी वेड." आर्डिसने शेपटी हलवली. माशाला दुसरं काय करता येतं?

वाणसामानाच्या मोठ्या दुकानासमोर मासा उभा केला, त्या दिवशी तर कहर झाला. दोनशे बारा माणसं येऊन गेली, असं केंडलने अहवालात लिहिलं. येऊन गेली म्हणजे दूध आणि अंडी घेऊन समोरून गेली! त्यातल्या एकाने पुस्तक नेलं. म्हातारबुवांनी जाडजूड पाहून निवडलं आणि प्रामाणिकपणे सांगितलंही, कोठाराचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला टेकण म्हणून हवंय. आर्डिसने ते त्यांच्या नावावर चढवलं. तिचा जीव अगदी विटला होता.

या सगळ्यात तिचा एकच विसावा होता, नॉर्डाल. हॉलबेकपासून बावीस मैल. एक चर्च, एक धान्याचं कोठार, आणि जाता जात नाहीत अशी सात म्हातारी माणसं. दर गुरुवारी दोन वाजता आर्डिस चर्चच्या आवारात गाडी लावायची. सातही जण आपापली घडीची खुर्ची घेऊन हजर. आधी पुस्तकांची देवघेव, मग आर्डिस गाडीच्या पायरीवर बसून एक प्रकरण मोठ्याने वाचायची आणि नेमकं रंगात आलं की पुस्तक मिटायची. "हे काय गं!" असं कुणी म्हणायचं नाही. नुसतं सातजण एकदम श्वास सोडायचे. या गोष्टीला कुणी कार्यक्रम म्हटलं नव्हतं. त्याचा कागद नव्हता, चौकट नव्हती, आणि मासा तर मुळीच नव्हता.

पायरीला लागून पहिली खुर्ची ओडेल स्वेनबीची. वय चौऱ्याऐंशी, कोठारावर चाळीस वर्षं काम केलेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. ओडेल दर आठवड्याला चार पुस्तकं न्यायचा आणि चार परत आणायचा. दोन वर्षांपूर्वी आर्डिसच्या लक्षात आलं की पुस्तकांची पानं उघडलेलीसुद्धा नसतात. एकदा त्याने एकच पुस्तक लागोपाठ दोन आठवडे नेलं. मग ती समजली. म्हाताऱ्याची नजर गेली होती. तो पुस्तकं न्यायचा ती फक्त या थांब्याचा आकडा खाली येऊ नये म्हणून. आर्डिस यावर एक अक्षर बोलली नाही. नॉर्डालमध्ये असल्या गोष्टी बोलत नाहीत.

तिथे काय काय बोलत नाहीत याची यादी केली तर रात्र पुरणार नाही. कॉफी हवी का म्हटलं की पहिल्यांदा "नको." दुसऱ्यांदा, "कशाला उगीच त्रास?" तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, केलीच असेल तर अर्धा कप." आणि मग तीन कप. ताटलीतली वडी शेवटची उरली तर ती अख्खी उचलणं म्हणजे महापाप. तिचा अर्धा तुकडा एकजण घेणार, उरलेल्याचा अर्धा दुसरा, करता करता ताटलीत मुंगीपुरतं काहीतरी उरणार आणि सगळे त्याच्याकडे बघत बसणार. आपल्याकडेही पाहुणा आधी नको नकोच म्हणतो, कारण पुन्हा आग्रह होणार याची त्याला खात्री असते. केंडलला हे कुठून ठाऊक असणार?

जुलैत तिने निळी कार्डं छापली. 'हा थांबा बंद झाल्यास तुमची गैरसोय होईल का? हो. नाही.' गाडी जिथे जिथे जाते तिथे तिथे वाटायची. नॉर्डालला ती आर्डिसनेच वाटली. ओडेल म्हणाला, "चष्मा घरी राहिला. तूच वाच आणि तूच खूण कर."

आर्डिसने वाचलं. "गैरसोय होईल का?"

"छे छे," ओडेल म्हणाला. "नाही लिही. गरज असेल त्यांना मिळू दे."

आणि आर्डिसने स्वतःच्या हाताने 'नाही'वर खूण केली! पुन्हा विचारलं असतं तर तो आग्रह झाला असता, आणि सरकारी कार्डावर आग्रह कसा करायचा? ती तरी कुठली वेगळी? त्याच मातीची. बाकी सहा जणांनीही 'नाही'च केलं. एकीने तर खाली लिहिलं, 'आमचं काय, आता किती दिवस राहिलेत.'

केंडलने सात कार्डं मोजली आणि ती मनापासून खूश झाली. "बघा आर्डिस, सगळे किती समजूतदार आहेत! आता गुरुवारी दुपारी वॉलीला पोहण्याच्या तलावावर नेता येईल."

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती म्हणाली काय? "बघू."

पुढच्या गुरुवारी मात्र ती ओडेलवर उखडली. बाकीचे खुर्च्या लावत होते तोवर त्याला गाडीच्या मागे गाठलं. "तुम्हाला हा थांबा हवाय की नकोय, ते सरळ सांगा."

"अगं, पण तुला बावीस मैल..."

"माझे मैल माझ्याकडे राहू द्या. हवंय का?"

ओडेलने टोपी काढली, आतून तपासली, पुन्हा घातली. "तसं म्हटलं तर," तो म्हणाला, "वाईट नाहीये."

बायकोशी लग्न करताना तो याहून जास्त काही बोलला नसेल. आर्डिसचा रागच विरघळला. "सोमवारी ग्रंथालयाच्या मंडळाची बैठक आहे," ती म्हणाली. "तिथे या आणि एवढं तरी बोला."

सोमवारी ओडेल आला. शेजारणीला गाडी काढायला लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या ओळीत बसला. आर्डिसने घरून निघताना एक वाक्य घोकलं होतं, 'नॉर्डालचा थांबा मला हवा आहे.' सहा शब्दही नाहीत. आरशासमोर म्हटलं, गाडीत म्हटलं, ग्रंथालयाच्या जिन्यात म्हटलं.

मंडळाचा अध्यक्ष गेलॉर्ड रूड, निवृत्त दंतवैद्य. इथलाच, इथेच वाढलेला. घरी तीनदा विचारल्याशिवाय हा माणूस बटाटे वाढून घेत नाही. पण त्या दिवशी यादी लांब होती आणि छताचा विषय यायचा होता. केंडलने नॉर्डालचा आकडा सांगितला, दुकानासमोरचे दोनशे बारा सांगितले. गेलॉर्डने चष्म्यावरून मागे पाहिलं. "ओडेल, काही म्हणायचंय?"

"नाही, नाही," ओडेल म्हणाला. "बसलोय आपला."

"आर्डिस, तुझं काय? चालेल ना?"

आर्डिस उठली. वाक्य तोंडात तयार होतं. आणि तिच्या कानांनी तिचाच आवाज ऐकला, "हो, चालेल की. तुम्हाला योग्य वाटेल ते."

गेलॉर्डने मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

आर्डिस घरी जाऊन भांडी घासत बसली. घासलेली पुन्हा घासली. तिला त्या माशाचीसुद्धा इतकी किळस कधी आली नव्हती जितकी त्या संध्याकाळी स्वतःची आली. खोटं हसणाऱ्यांना आयुष्यभर नावं ठेवली, आणि स्वतःचं तोंड? चालेल की! काय चालेल? कुणाला चालेल? मोरीतलं पाणी तुंबलं होतं. तिने त्यात हात घातला आणि जाळीतला गाळ काढून फेकून दिला.

गुरुवारी तिने आजारपणाची रजा टाकली. मासा बिनमाणसाचा पडून राहिला. दीपगृहातल्या खुनाची, नॉर्डालला वाचताना अर्धी राहिलेली कादंबरी तिने स्वतःच्या कार्डावर घेतली, स्वतःचा जुना पिकअप काढला आणि बावीस मैल गेली. दोनच मिनिटं राहायचं, पुस्तक कुणाला तरी देऊन यायचं, असं तिने ठरवलं होतं. पण आवारात सात खुर्च्या लागलेल्या होत्या. मध्ये स्टुलावर लिंबाच्या वड्यांची ताटली. पुस्तकांची गाडी यायची बंद झाली हे सातही जणांना ठाऊक होतं, आणि आपण खुर्ची घेऊन जातोय हे एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

"कशाला आलीस एवढ्या लांब?" ओडेल म्हणाला. "उगीच त्रास."

"गप्प बसा," आर्डिस म्हणाली. पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडून ती त्यावर बसली आणि वाचायला लागली. चौदावं प्रकरण. दीपगृहाचा दिवा कुणी विझवला ते कळणार, एवढ्यात तिने पुस्तक मिटलं. सातजणांनी श्वास सोडला. ताटलीत एक वडी उरली होती. सगळे तिच्याकडे बघत होते, सुरी कुणी उचलत नव्हतं.

तेवढ्यात ओडेलने टोपी काढली. या वेळी त्याने ती आतून तपासली नाही.

"आर्डिस, मला वाचता येत नाही आता," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"पुढच्या गुरुवारी येशील?"

नॉर्डालमध्ये कुणी कुणाला इतकं उघड मागितलेलं आर्डिसने सत्तावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. बघू, जमलं तर, तुम्हाला चालत असेल तर, असं सगळं तिच्या जिभेवर रांगेने उभं राहिलं.

"हो," ती म्हणाली. आणि पुढे वाकून तिने ती शेवटची वडी अख्खी उचलली आणि खाल्ली.