माळावर हेंडगा

“पाहुणे म्हण, न्हाईतर पाखरं म्हण. हेंडगा माळावरून फिरणार म्हणजे फिरणार,” पिराजी म्हणाला, आणि विषय संपला असं दाखवायला त्यानं भाकरी मोडली.

“मागल्या वर्षी फिरवलात तेवढं पुरं झालं न्हाई?” बबिता तीळ पाखडत होती, तिनं हातातलं सूप थांबवलं नाही. “गवत जाळलंत, पाखरं उठवलीत. औंदा बिचारी परत आली, तर परत उठवायची?”

“गवतच जळलं की. घर तर न्हाई जळलं.”

“त्यांचं घरच होतं ते.”

“व्हय का? मग ग्रामपंचायतीत जा आन् त्यांच्या नावानं घरपट्टी भरून ये.”

दारात लसूण सोलत बसलेली शिवांगी, त्यांची सून, हसली. सासूनं बघितल्यावर तिनं ते हसू खोकल्यात घातलं.

येळवस दोन दिवसांवर आली होती. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला चाकूरच्या आसपासच्या गावांत घराला कुलूप लागतं आणि सगळं माणूस शेतात जातं. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, दुपारी पिकाला आंबील शिंपडायची आणि येईल त्याला शेंगभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं पोटभर वाढायचं. दिवस मावळताना गवताची चूड पेटवून ती शेताभोवती फिरवायची, तो हेंडगा. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. जेवल्याशिवाय कुणी गेलं तर त्या घरच्या बाईला ते वर्षभर ऐकावं लागतं.

बबिताला आजवर कधी ऐकावं लागलं नव्हतं. ती मुरुडची. बापाचं बाजारात चहाचं हॉटेल होतं, आणि लग्न होईपर्यंत गल्ल्यावर तीच बसायची. माणूस भुकेला आहे की नुसता सावलीला आलाय हे तिला त्याच्या बसण्यावरून कळायचं. सासरी आली तेव्हा पंचफुलाबाईंनी, म्हणजे सासूनं, पहिल्या येळवसला तिला नुसतं पाणी द्यायच्या कामाला लावलं. तिसऱ्या येळवसला वाढणं तिच्याकडे आलं, आणि त्यानंतर कुणाला कुठं बसवायचं हेही तीच सांगू लागली. सरपंचाला तिनं एकदा गड्याच्या शेजारी बसवलं होतं. दोघंही बिनबोभाट जेवले.

माळाची गोष्ट वेगळी. ओढ्याच्या पल्याडचा तो दगडगोट्यांचा तुकडा वाटणीत पिराजीकडे आला, तेव्हा कुठल्या तरी योजनेत बाईच्या नावावर जमीन असली की सवलत मिळते असं कुणी तरी सांगितलं. सगळ्यात रद्दी तुकडा म्हणून माळ बबिताच्या नावावर झाला. सवलत काही मिळाली नाही. नाव तसंच राहिलं. तिथं नांगर लागत नव्हता. पावसाळ्यानंतर कमरेएवढी कुसळी, म्हणजे टोचरं गवत, वाढायची आणि उन्हाळ्यापर्यंत वाळत उभी राहायची. घरात कुणी त्याला शेत म्हणत नसे. बायको रागावली की पिराजी म्हणायचा, “जा, तुझ्या माळावर जाऊन बस.”

ती खरंच जाऊन बसायची. तिथंच तिनं पहिल्यांदा बघितलं, की थंडी पडली की दिवस मावळायच्या सुमाराला लांब पंखांची पाखरं एकेक करून येतात, गवतावरून हात-दोन हात उंचीनं चकरा मारतात, आणि अंधार व्हायच्या जरा आधी झाडावर न जाता सरळ गवतात उतरतात. जमिनीवर झोपतात. ती त्यांना घारीच म्हणायची. पुढं उदगीरच्या कॉलेजातले राजशेखर सर आणि नांदेडची त्यांची दोस्तमंडळी पाखरं शोधत शोधत तिथं पोचली. त्यांनी सांगितलं, ह्या घारी नव्हेत, भोवत्या; हिमालयाच्याही पल्याडून येतात आणि फाल्गुनात परत जातात. त्यांच्यात एक अगदी राखी-पांढरा नर होता. तसला ह्या बाजूला क्वचितच दिसतो म्हणून सर इतके खूश झाले, की त्यांनी बबिताला वाकून नमस्कार केला. बबिताला भोवत्या आणि घार यांतला फरक तेव्हाही कळला नाही, आजही कळत नाही. पण एक कळलं. सरांनी विचारलं होतं, “ताई, आम्ही तुमच्या रानात उभं राहू का?”

तुमच्या रानात. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि एखाद्या जमिनीबद्दल तिला कुणी काही विचारण्याची ही पहिली वेळ होती.

“ऱ्हावा की,” ती म्हणाली होती. “पण येळवसला जेवायला यावं लागंल.”

आणि तिथंच घोळ झाला. मागच्या येळवसला ती मंडळी आली, पोटभर जेवली, आणि सूर्य कलल्यावर कॅमेरे घेऊन माळाच्या कडेला गप्प उभी राहिली. हेंडगा घेऊन निघालेल्या गावकऱ्यांना ते दिसले. एवढे मोठे कॅमेरे लावून एवढ्या लांबून माणसं आली आहेत ती दुसरं काय बघायला येणार? सगळ्यांना वाटलं, आपलाच हेंडगा बघायला आलेत. मग पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून पिराजीनं मोर्चा ओढ्यापलीकडं वळवला. “होलगे होलगे” असं ओरडत, चुडी डोक्यावरून फिरवत सगळे गवतात घुसले. राजशेखर सर हात हलवून नको नको म्हणत होते; गावकऱ्यांना वाटलं, आणखी जोरात फिरवा म्हणतायत. एक ठिणगी पडली आणि कुसळीनं पेट घेतला. पोत्यांनी बडवून आग विझवली, कुणाला इजा झाली नाही. पण पाखरं धुरावरून एकदा फिरली आणि गेली, ती त्या हिवाळ्यात परत आलीच नाहीत.

पिराजीचा मात्र फोटो निघाला. मागं जाळ, हातात चूड, मुंडासं सुटलेलं. पाहुण्यांतल्याच एकानं तो बालाजीला, म्हणजे पोराला, पाठवला. बालाजी चाकूरला मोबाईलच्या दुकानात आहे. त्यानं तो तालुकाभर फिरवला. आठवडी बाजारात लोक पिराजीला ‘हेंडगेवाले’ म्हणून हाक मारू लागले, चहा पाजू लागले. जन्मभरात त्याचा एवढा चांगला फोटो निघाला नव्हता, लग्नातलासुद्धा नाही. हे बबितालाही मान्य होतं.

यंदा पाऊस बरा झाला, कुसळी पुन्हा उभी राहिली, आणि दिवाळीनंतर पंधरवड्यात पाखरं आली. राखी-पांढराही आला. बबितानं स्वतः सरांना फोन करून सांगितलं. आज सकाळी सरांचा उलट फोन आला, येळवसला येऊ का म्हणून. तो पिराजीनं ऐकला आणि भाकरीवर भांडण सुरू झालं.

“ते येणार म्हणलं की हेंडगा माळावर पायजेच,” पिराजी हात धूत म्हणाला. “लोकं वाट बघायलेत. बालाजीनं तर व्हिडिओ काढायला मित्र सांगितलेत.”

“सांजच्याला माझ्यासंगं माळावर चला.”

“कशाला?”

“तुम्ही कधी बघितलंच न्हाई. सांजच्याला तुम्ही पारावर असताव.”

“घारी काय बघायच्या?”

“चला तर. फुकट हाय.”

तो आला. येताना वाटेत तिघांशी बोलला आणि तिघांनाही ‘बायको घारी दाखवाय न्यायली’ असं सांगितलं. माळाच्या बांधावर दोघं बसली. ओढ्याच्या अलीकडं ज्वारी हुरड्यात आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. गार वारं सुटलं. बराच वेळ काहीच झालं नाही. पिराजी म्हणाला, “आज सुट्टी असंल त्यांना.”

मग एक आलं. आवाज नाही, पंख हलवणं नाही, नुसतं गवताच्या शेंड्यांवरून सरकत. त्याच्या मागून दुसरं, मग चौफेर दिसायलाच लागली. सगळी तपकिरी, आणि मध्येच तो राखाडी-पांढरा, विझलेल्या चुलीतल्या राखेसारखा. एकेक जण चक्कर मारायचं, खाली बघायचं, जागा पसंत नसल्यासारखं उठायचं आणि दुसरीकडं उतरायचं.

“बायकांवानी करतेत,” पिराजी म्हणाला. “कुठं बसावं तेच ठरत न्हाई.”

“पुरुषाला कुठंबी बसवलं तरी चालतं, म्हणून.”

तो हसला. बरीचशी पाखरं आता गवतात बसली होती. काहीच दिसत नव्हतं, रिकामा माळ वाटावा असा. पिराजीनं सवयीनं खिशातून बिडी काढली आणि काडी ओढली.

तेवढ्याशा उजेडानं माळ उठला. सगळी पाखरं एकदम गवतातून वर आली, वेडीवाकडी फिरली, एकमेकांच्या आडवी गेली. पिराजीनं काडी हाताच्या ओंजळीत झाकली, बोट भाजलं, काडी टाकली आणि पायानं चिरडली. बिडी न पेटवताच खिशात ठेवली. पाखरं परत बसायला बराच वेळ लागला. काही परत बसलीच नाहीत. अंधारात ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेली.

बबिता उठली आणि वाटेला लागली. बोलली असती तर तो भांडला असता.

वाटेनं मात्र तो म्हणाला, “एका काडीनं एवढं. हेंडग्यानं मग...” आणि थोडं पुढं गेल्यावर, “पण लोकांना काय सांगू मी? हेंडगेवाले म्हणतेत मला.”

“हेंडगा कुठं बंद करायलाव?”

“माळावरचा फोटू येगळाच आला होता ना पण.”

घरी बालाजी आला होता. चुलीपुढं सगळी जेवायला बसल्यावर पिराजीनं शेवटचा आधार शोधला, तो आईचा. “माय, तूच सांग. रीत हाय का न्हाई? सगळ्या शिवाराला वळसा पडाय पायजे. अर्धं सोडलं तर चालंल?”

पंचफुलाबाईंना सुनेची बाजू घ्यायची मुळीच इच्छा नव्हती. रीत मोडली म्हणून त्या वर्षातून दोनदा तरी जेवण सोडतात. पण रीतीबद्दल खोटं बोलणं त्यांना त्याहून अवघड.

“शिवाराला म्हंजी पिकाला,” त्या म्हणाल्या. “अर्धं पीक सोडून चालायचं न्हाई.”

“आत्याबाई,” बबिता वाढता वाढता म्हणाली, “तुमच्या सासऱ्याच्या वक्ताला हेंडगा माळावर जायचा का हो?”

पंचफुलाबाई घास चावत राहिल्या. मग म्हणाल्या, “माळावर काय पिकत होतं की तिथं हेंडगा जाईल? कुसळी राखायला कुणी हेंडगा फिरवतंय का? मागल्या वर्षीच गेला तो. ह्याच्या नाचण्यामुळं.”

“एकदा गेला की रीत झाली,” पिराजी म्हणाला.

“तुझा आज्जा एकदा हिरीत पडला होता,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “मग काय दरसाल उडी मारावं का?”

शिवांगीनं या वेळी खोकल्याचं नाटक केलं नाही. बालाजीसुद्धा हसला, मग बापाकडं बघून म्हणाला, “पण आई, मी मित्रांना सांगून बसलोय. सर पण येणार. क्यामेरे दिसले की लोकं माळाकडं वळणारच. कोण कोणाला आडवणार?”

हे मात्र खरं होतं, आणि बबिताच्या ते संध्याकाळपासून डोक्यात होतं. गावाला अडवता येत नाही. गावानं काय बघून वळायचं, ते बदलता येतं. तिनं फडक्याला हात पुसले, बालाजीकडून फोन मागून घेतला आणि राजशेखर सरांना लावला. सगळ्यांसमोरच बोलली.

“सर, बबिता बोलतेय. येळवसला जेवायला यायचं, सगळ्यांनी, लेकराबाळांना घेऊन. पण क्यामेरे घरी ठेवून यायचं. एकबी आणायचा न्हाई. आन् जेवण झालं की ऊन असतानाच गाडीत बसायचं. पाखरं बघाय येळवस झाल्यावर कवाबी या.” पलीकडून सर काही तरी बोलले. “न्हाई सर, लांबून पण न्हाई. राग येऊ द्या. जेवून गेलाव तर राग जाईल.”

तिनं फोन बालाजीला परत दिला. पिराजी तिच्याकडं बघत होता. पाहुण्याला, तेही नमस्कार करणाऱ्या पाहुण्याला, ती असं सांगेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

“आता ऐका सगळे,” बबिता म्हणाली, आणि पिराजीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “कोप ज्वारीत वरच्या अंगाला घालायची, माळाकडं पाठ करून. माळाला दुपारी आंबील शिंपडायची, ती मी शिंपडणार. हेंडगा तुम्हीच धरायचा, पण तो वढ्याच्या अल्याडच फिरंल. माळ माझ्या नावावर हाय, आन् तिथं जाळ जाणार न्हाई.”